मी उठायचे की मला उठायची सवय आहे?

पत्र: मी मूळची गडहिंग्लजची. सध्या पुण्यात एका कंपनीत हिशेबाच्या विभागात काम करते. आमची इंग्लंडच्या टीमबरोबर रोज दुपारी मीटिंग असते. परवा काम सुरू होण्याआधीच्या गप्पांत मी म्हणाले, 'आय यूज टू गेट अप अ‍ॅट फाइव्ह.' मला सांगायचं होतं की मी रोज पाचला उठते. पलीकडच्या बाईंनी विचारलं, 'ओह, व्हाय डिड यू स्टॉप?' मला काही सुचेना. नंतर एक मैत्रीण म्हणाली, 'आय अ‍ॅम यूज्ड टू गेट अप' म्हणायचं. दुसरी म्हणाली, ते चूक, 'गेटिंग अप' म्हण. शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्याने 'आय अ‍ॅम हॅबिच्युएटेड' सुचवलं. आता मी ते वाक्यच टाळते. नेमकं बरोबर काय, आणि हे डोक्यात कायमचं कसं बसवायचं?
– एक वाचक, पुणे

उत्तर:

नमस्कार.

तुम्हाला जे म्हणायचं होतं, त्याला 'यूज्ड टू' लागतच नाही. 'आय गेट अप अ‍ॅट फाइव्ह' एवढं पुरेसं होतं. बहुतेक दिवशी असं होतं हे सांगायचं असेल तर 'आय युज्वली गेट अप अ‍ॅट फाइव्ह'. मराठीत 'मी पाचला उठते' म्हटलं की 'रोज' हा शब्द न उच्चारताही कळतो. इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ नेमकं तेच काम करतो. दुसऱ्या मैत्रिणीचं वाक्य व्याकरणाने बिनचूक आहे, पण ते वेगळ्या प्रसंगाचं वाक्य आहे. त्याकडे येऊच.

पुढे जाण्याआधी लिहिण्याचा एक संकेत ठरवून घेऊ. शेवटी 'डी' हे अक्षर असेल तिथे आम्ही 'यूज्ड' लिहिलं आहे, नसेल तिथे 'यूज'. उच्चाराची गोष्ट वेगळी आहे, आणि तुमची अडचण उच्चारातच सुरू झाली.

तुमच्या मनात वर्तमानकाळ होता, म्हणून तुम्ही डी न लावता 'यूज टू' म्हणालात. पण बोलताना 'यूज्ड'चा शेवट आणि 'टू'ची सुरुवात एकमेकांत मिसळते आणि एकच 'ट' ऐकू येतो: 'यूस्टू'. तुम्ही डी लावलात की नाही, हे समोरच्याला कळायला मार्गच नसतो. आणि 'आय' नंतर हा आवाज आला की इंग्रजी कानाला त्याचा एकच अर्थ ठाऊक आहे: पूर्वी असं होतं, आता नाही. त्या बाईंनी 'मी पूर्वी पाचला उठायचे' असं ऐकलं आणि 'मग का सोडलंत?' असं विचारलं. त्यांनी चूक काढली नव्हती. साधी आपुलकीची चौकशी होती ती.

मग वर्तमानकाळासाठी 'आय यूज टू' का नाही? काही शतकांपूर्वी होतं. तेव्हा 'यूज' या क्रियापदाचा 'सवय असणे' हा अर्थ वर्तमानकाळातही चालायचा, 'ही यूजेस टू' असंही लिहीत. पुढे वर्तमानकाळातला हा वापर मागे पडत नाहीसा झाला आणि भूतकाळातलं रूप तेवढं उरलं. आज 'आय यूज टू गेट अप' किंवा 'शी यूजेस टू गेट अप' ही वाक्यं इंग्रजीत नाहीत. 'उठते' म्हणायचं असेल तर 'गेट अप' आणि 'गेट्स अप', बस्स.

आता मुख्य गोष्ट. हा घोळ सोडवायला इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकाआधी तुमची मराठीच उपयोगी पडेल. ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणा.

मी पाचला उठायचे.
मला पाचला उठायची सवय आहे.

दोन्हीकडे 'उठाय-' आहे. घोळाचं मूळ बहुधा इथेच आहे. एकाच रूपातून मराठीत दोन अर्थ निघतात आणि इंग्रजीतही 'यूस्टू' या एकाच आवाजातून तेच दोन अर्थ निघतात. पण मराठीत आपण कधी चुकत नाही, कारण वाक्याची सुरुवात वेगळी असते. एक 'मी'ने सुरू होतं, दुसरं 'मला'ने, आणि दुसऱ्यात 'सवय' हा शब्द हटकून असतो. तेवढंच पकडून ठेवा.

'मी… उठायचे' हा रीतिभूतकाळ. पुस्तकी भाषेत 'उठत असे', बोलताना 'उठायचो, उठायचे, उठायचा, उठायची'. (तुमच्याकडे कोल्हापूर भागात बायकाही 'मी उठायचो' म्हणतात, आपल्या कामाला काहीच फरक पडत नाही.) याचं इंग्रजी: 'आय यूज्ड टू गेट अप अ‍ॅट फाइव्ह'. पुढचं क्रियापद साधं, त्याला काही चिकटवायचं नाही.

'मला… उठायची सवय आहे' याचं इंग्रजी: 'आय अ‍ॅम यूज्ड टू गेटिंग अप अ‍ॅट फाइव्ह'. इथे 'अ‍ॅम' आलं आणि क्रियापदाला 'इंग' लागलं. 'अ‍ॅम'ची आणि 'इंग'ची जोडी लक्षात ठेवा: दोन्ही येतात, नाहीतर दोन्ही जातात. तुमच्या पहिल्या मैत्रिणीने 'अ‍ॅम' घेतलं आणि 'इंग' सोडलं, तिथे वाक्य बिघडलं. उलट 'आय यूज्ड टू गेटिंग अप' मध्ये 'इंग' आहे आणि 'अ‍ॅम' नाही, तेही चूक.

एक सावधगिरी. नुसतं 'मला' दिसलं म्हणून 'अ‍ॅम यूज्ड टू' कडे धावू नका. 'मला उद्या पाचला उठायचं आहे' यात 'सवय' नाही. ते 'आय हॅव टू गेट अप'. 'सवय' हा शब्द मनात खरंच असेल तरच दुसरा साचा.

'इंग' कुठून आलं, हे कळलं की ते विसरत नाही. पहिल्या साच्यातला 'टू' पुढच्या क्रियापदाचा आहे, 'टू गो', 'टू ईट' मधला. दुसऱ्या साच्यातला 'टू' मागच्या शब्दाचा आहे, आपल्या 'ची सवय' मधल्या 'ची' सारखा, आणि त्याला पुढे नाम हवं असतं. 'उठ' हे नाम नाही, 'उठणं' हे नाम आहे. 'गेट अप'चं 'उठणं' म्हणजे 'गेटिंग अप'. शंका आली की क्रियापद काढून तिथे एखादी वस्तू ठेवून बघा. 'आय अ‍ॅम यूज्ड टू द नॉइज' चालतं: मला गोंगाटाची सवय आहे. 'आय यूज्ड टू द नॉइज' लंगडतं, त्याला अर्थच राहत नाही. वस्तू बसली तर 'इंग' बसेल, नाही बसली तर नाही. ऑफिसच्या ईमेलखाली तुम्ही 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू' लिहीत असाल. तिथला 'टू' याच जातीचा.

तिसरं एक वाक्य दिसायला यांच्यासारखं आहे: 'द नाइफ इज यूज्ड टू कट व्हेजिटेबल्स'. सुरी भाजी चिरायला वापरतात. हा साधा 'वापरणे' आहे, सवयीचा इथे संबंध नाही. लिहिताना घोटाळा होऊ शकतो, ऐकताना होत नाही, कारण उच्चार निराळा आहे. 'वापरणे' या अर्थाच्या 'यूज्ड'मध्ये गुणगुणणारा आवाज असतो, जवळपास 'यूझ्ड'. सवयीच्या आणि पूर्वीच्या 'यूज्ड टू'मध्ये सरळ 'स' असतो: 'यूस्टू'. गळ्यावर दोन बोटं ठेवा आणि दोन्ही म्हणून बघा. 'झ'ला बोटांखाली कंप जाणवतो, 'स'ला जाणवत नाही. बरेच जण 'आय यूज्ड टू' म्हणतानाही 'झ्ड' स्पष्ट उच्चारतात, थांबतात आणि मग 'टू' म्हणतात. कळतं सगळ्यांना, पण ते अक्षरं वाचल्यासारखं वाटतं. 'टू'सुद्धा लांबवायचा नाही. पुढे व्यंजन असेल तर तो जवळजवळ नुसता 'ट' उरतो: 'यूस्ट गेट अप', 'यूस्ट लिव्ह'. पुढे स्वर असेल तर ऱ्हस्व 'टु': 'यूस्टु आस्क'.

आता पहिल्या साच्याच्या खाचाखोचा, कारण खरी गंमत तिथे आहे. 'यूज्ड टू' म्हटलं की 'आता नाही' हे आपोआप ऐकू जातं, तुमच्या मनात असो वा नसो. नोकरीच्या मुलाखतीत सर्रास ऐकू येणारं वाक्य घ्या: 'इन माय करंट जॉब आय यूज्ड टू फाइल जीएसटी रिटर्न्स.' बोलणाऱ्याला 'मी रिटर्न भरते' म्हणायचं असतं, ऐकणाऱ्याला 'पूर्वी भरायचे, आता ते काम माझ्याकडे नाही' असं कळतं. चालू नोकरीबद्दल नेहमी 'आय फाइल', 'आय हँडल', 'आय चेक'. 'यूज्ड टू' मागच्या नोकरीसाठी राखून ठेवा. व्हिसाच्या मुलाखतीत 'माय हजबंड यूज्ड टू वर्क इन दुबई' म्हटलंत तर पुढचा प्रश्न 'सध्या कुठे असतात?' हाच येणार. पूर्वीची सवय अजूनही असेल तर ते मुद्दाम सांगावं लागतं: 'आय यूज्ड टू, अँड आय स्टिल डू.'

नुसत्या कृतीसाठीच नव्हे, स्थितीसाठीही हा साचा चालतो. मुंबईत १९६४ पर्यंत ट्रॅम होत्या: 'ट्रॅम्स यूज्ड टू रन इन मुंबई' ही कृती. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होता: 'गोवा यूज्ड टू बी अ पोर्च्युगीज कॉलनी' ही स्थिती. हा फरक सांगण्याचं कारण 'वुड'. 'आजी संध्याकाळी गोष्टी सांगायची' याला 'शी वुड टेल अस स्टोरीज' म्हणता येतं, ऐकायला छानही वाटतं, फक्त काळ कुठला ते आधी सांगितलेलं हवं. पण स्थितीला 'वुड' चालत नाही. 'आमच्याकडे सायकल होती' साठी 'वी वुड हॅव अ सायकल' म्हटलं तर ते 'असती तर' कडे झुकतं. खात्री नसेल तेव्हा 'यूज्ड टू' घ्या. ते दोन्हीकडे चालतं.

जिथे नेमका आकडा आला तिथे मात्र 'यूज्ड टू' नको. 'आय यूज्ड टू गो टू गोवा थ्री टाइम्स' चूक. इथेही मराठी कान मदत करतो: 'मी तीनदा गोव्याला जायचे' आपल्यालाही खटकतं, आपण 'तीनदा गेले' म्हणतो. इंग्रजीतही 'आय वेन्ट'. 'वर्षातून तीनदा जायचे' मात्र बरोबर, म्हणून 'आय यूज्ड टू गो थ्री टाइम्स अ इयर' हेही बरोबर. कालावधीचं तसंच. 'मी पाच वर्षं नाशिकला राहायचे' असं कोणी म्हणत नाही, 'पाच वर्षं राहिले' म्हणतं. म्हणून 'आय लिव्ह्ड इन नाशिक फॉर फाइव्ह इयर्स'. कालावधी काढून टाकला की 'आय यूज्ड टू लिव्ह इन नाशिक' पुन्हा ठीक.

नकार आणि प्रश्न यांत डी गळतो, कारण भूतकाळाचं ओझं 'डिड' उचलतं. 'आय डिडन्ट वेन्ट' म्हणत नाही ना, तसंच. 'आय डिडन्ट यूज टू ड्रिंक कॉफी.' 'डिड यू यूज टू लिव्ह हिअर?' छापील मजकुरात इथेही डी लावलेला बऱ्याचदा दिसेल. ऐकायला दोन्ही सारखंच असल्यामुळे इंग्रजांचाही तिथे गोंधळ होतो. परीक्षेत आणि ऑफिसच्या पत्रात डी लावू नका. बोलताना त्याची चिंताच नको. नकारासाठी सगळ्यात सोपी वाट म्हणजे 'नेव्हर': 'आय नेव्हर यूज्ड टू ड्रिंक कॉफी'. त्यात डी तसाच राहतो. जुन्या ब्रिटिश पुस्तकांत 'यूज्ड नॉट टू' भेटेल. वाचून सोडून द्या.

दुसऱ्या साच्यात, सवयीच्या, कष्ट कमी आहेत. तो कुठल्याही काळात जातो, बदलतं ते फक्त 'अ‍ॅम': 'वॉज यूज्ड टू', 'हॅव नेव्हर बीन यूज्ड टू'. आणि 'आहे' च्या जागी 'होणे' आलं की 'गेट': सवय होईल, 'यू विल गेट यूज्ड टू इट'. सवय होते आहे, 'आय अ‍ॅम गेटिंग यूज्ड टू इट'. काही केल्या अंगवळणी पडत नाही, 'आय कान्ट गेट यूज्ड टू इट'. पुण्याहून अमेरिकेत गेलेल्या माणसाला पहिले काही आठवडे गाडी चालवताना हेच वाक्य लागतं: 'आय अ‍ॅम नॉट यूज्ड टू ड्रायव्हिंग ऑन द राइट.' लंडनला गेलात तर नाही लागणार, तिथे आपल्यासारखीच डावी बाजू. दोन्ही साच्यांतला फरक भूतकाळात सर्वांत जास्त बोचतो. 'आय यूज्ड टू लिव्ह अलोन': मी एकटी राहायचे, आता नाही. 'आय वॉज यूज्ड टू लिव्हिंग अलोन': एकटं राहणं माझ्या अंगवळणी पडलं होतं, त्याचं काही वाटत नव्हतं.

'काही वाटत नाही' हाच या साच्याचा गाभा. 'आय अ‍ॅम यूज्ड टू गेटिंग अप अ‍ॅट फाइव्ह' हे वेळापत्रक सांगत नाही, 'पाचला उठण्याचा मला त्रास होत नाही' असं सांगतं. आवडतं की नाही, तेही सांगत नाही. म्हणून दुसऱ्या मैत्रिणीचं वाक्य बरोबर असूनही तुमच्या गप्पांत ते पहिलं वाक्य म्हणून विचित्र वाटलं असतं, उत्तर म्हणून शोभलं असतं. तुम्ही म्हणता, 'आय गेट अप अ‍ॅट फाइव्ह.' त्या हळहळतात, 'फाइव्ह! पुअर यू.' तुम्ही म्हणता, 'ओह, आय अ‍ॅम यूज्ड टू इट.' ही जागा त्याची. बोलण्यात हा साचा बहुतेक वेळा 'इट' घेऊनच येतो, तेव्हा 'इंग'ची भानगडही नसते.

या साच्यातल्या दोन चुका लिहिण्यातल्या. 'आय अ‍ॅम यूज टू' मध्ये डी राहून जातो, कारण तो ऐकू येत नाही. लिहिताना तो हवाच. आणि 'यूज्ड टू ऑफ'. हा 'ऑफ' आपल्या 'ची सवय' मधून येतो, पण ते काम 'टू' आधीच करतो आहे. एका 'ची'ला एकच शब्द पुरे.

राहिलं 'हॅबिच्युएटेड'. भारतातल्या ऑफिसांत ते सगळ्यांना कळतं, त्यामुळे सहकाऱ्याला दोष नको. पण बाहेर त्याला दवाखान्याचा किंवा व्यसनाचा वास येतो. ओढूनताणून औपचारिक व्हायचं असेल तर 'अ‍ॅकस्टम्ड' आहे. तेही 'इंग' घेतं. 'आय हॅव अ हॅबिट ऑफ' ला पुष्कळदा खोडीची छटा येते, नखं खाण्याची वगैरे. पाचला उठण्याला ती छटा कशाला?

डोक्यात बसवण्याबद्दल विचारलंत. नियम पाठ करून हे बसत नाही, तोंडात वळण पडावं लागतं. रोज दहा मिनिटं, दोन आठवडे, एवढं करून बघा. आधी मराठीत सहा वाक्यं लिहा, स्वतःच्या खऱ्या आयुष्यातली: दोन 'मी आता करते'ची, दोन 'मी पूर्वी करायचे'ची, दोन 'मला सवय आहे' किंवा 'सवय होते आहे'ची. गडहिंग्लज आणि पुणे यांत तुम्हाला हवा तेवढा माल मिळेल. मग शेजारी इंग्रजी. मग मोठ्याने, फोनवर रेकॉर्ड करून. ऐकताना फक्त दोन गोष्टी तपासा: 'यूस्टू' एका दमात आलं का, आणि 'अ‍ॅम' असेल तिथे 'इंग' आहे का. बाकी चुकांकडे या दोन आठवड्यांत बघू नका, नाहीतर पुन्हा तोंड बंद होईल. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मराठी वाक्य लिहिणं सोडा, मनातच म्हणा. शेवटच्या दोन-तीन दिवशी सहा वाक्यं एका पाठोपाठ, क्रम बदलून. साचे वेगवेगळे ठेवून सराव केला तर बोलताना नेमका कुठला उचलायचा ते कळत नाही. मिसळून केला की कळतं.

आणि त्या बाईंचा प्रश्न अजून लोंबकळत असेल तर उद्याच्या मीटिंगला पहिल्या मिनिटात सांगून टाका: 'बाय द वे, आय स्टिल गेट अप अ‍ॅट फाइव्ह. आय सेड इट राँग द अदर डे.'